तीन आसने, चार हात

एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या, मधोमध एकच मार्गिका असलेल्या विमानांच्या इकॉनॉमी वर्गात सहसा दोन्ही बाजूंना ३-३ आसने असतात आणि त्या तिघांच्या वाट्याला खुर्चीचे चारच हात, म्हणजे आर्मरेस्ट, येतात. त्यांपैकी आतले दोन सामाईक असून ते इतके अरुंद असतात की दोन कोपरे तेथे शेजारीशेजारी मावत नाहीत. खिडकीलगतच्या प्रवाशाला टेकायला भिंत आणि मार्गिकेलगतच्याला पाय पसरायला थोडी जागा मिळते, म्हणून आतले दोन्ही हात मधल्या प्रवाशाचे, असा संकेत रूढ आहे. तो लेखी नियम नव्हे, पण न्याय्य खचितच आहे. ज्या रांगेपुढे आसन नसते, तेथे जेवणाचा ट्रे बहुधा हाताच्याच पोकळीत दुमडलेला असल्याने तो हात वर उचलता येत नाही.