मागचा शॉक काय करतो?

कल्याणजवळ मलंगगडाच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या वाटेवर साधी सायकल जोरात हाकली की मागचं चाक उडतं. हवेतलं चाक सायकल पुढे ढकलत नाही की ब्रेकही घेत नाही. शर्यतीत वेळ जातो तो इथेच. फुल सस्पेन्शन सायकलमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना शॉक असलेल्या सायकलमध्ये, मागचा शॉक दबतो, जसे पायऱ्या उतरताना आपले गुडघे. चाक जमिनीला धरून राहतं. पण पायडल मारतानाही तो हलतो आणि ताकद खातो. म्हणून चढासाठी शॉक कडक करणारा लॉकआउट हवाच. क्रॉस-कंट्रीला चाकाची १०० ते १२० मिलिमीटर वरखाली हालचाल पुरते; जास्त घेतलीत तर बहुधा वजन वाढेल. एअर शॉकमधली हवा मात्र स्वतःच्या वजनाप्रमाणे भरा: सायकलवर बसल्यावर शॉक साधारण पाव भाग दबला पाहिजे.