प्रमाणके आणि त्यांचा स्वीकार

संगणकाला अक्षर कळत नाही; त्याला केवळ संख्या कळते. म्हणून कोणत्या अक्षरासाठी कोणती संख्या योजावयाची, याविषयी सर्वांचे एकमत असावे लागते. अशा एकमतालाच प्रमाणक म्हणतात. महाजालासाठी अनेक प्रमाणके तयार झाली. परंतु त्या सर्वांचा स्वीकार सारख्या प्रमाणात झालेला नाही. असे का व्हावे?

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतावली १९९१ मध्ये भारतात प्रमाण ठरली. त्याच वर्षी जगातील लिप्यांना एकत्र आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही पुढे कित्येक वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे खाजगी टंकांवरच चालत असत. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ टंकात ‘क’ हे अक्षर इंग्रजी ‘डी’च्या जागी बसविलेले आहे. दिल्लीत मुनिरका येथे राहणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याने अशा टंकातील बातमी उघडली आणि तो टंक त्याच्या संगणकात नसला, तर त्याच्यापुढे रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग येई. शोधयंत्रालाही तो मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नसे. मजकूर सापडला नाही की वाचक दुरावतो. हे नुकसान संकेतस्थळाच्या मालकाचेच होते. त्यामुळे युनिकोड हळूहळू सर्वत्र रुजले. आज जगातील अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ‘यूटीएफ-८’ हे त्याचेच रूप वापरतात.

आता दुसरे प्रमाणक पाहू. अंध व्यक्तींना संगणक मजकूर वाचून दाखवितो. परंतु चित्राचे वर्णन शब्दांत दिलेले नसेल, तर तो मुका होतो. वृत्तपत्राचे पान केवळ छायाचित्र म्हणून ठेवले, तर त्यातील युनिकोडही निरुपयोगी ठरते. याविषयीची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्येच प्रसिद्ध झाली. तथापि २०२४ मध्ये ‘वेबएम’ या अमेरिकी संस्थेने दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासली, तेव्हा सुमारे शहाण्णव टक्के पृष्ठांत उणिवा आढळल्या.

दोहोंतील हा फरक तांत्रिक अडचणीचा नाही. चित्राखाली एक वाक्य लिहिणे हे जुना मजकूर नव्या संकेतावलीत आणण्याहून सोपे आहे. पहिल्या बाबतीत दुर्लक्षाची किंमत मालकाला मोजावी लागली. दुसऱ्या बाबतीत ती वाचकाच्या माथी पडते, आणि तो वाचक मालकाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणूनच अशा प्रमाणकांना कायद्याचे पाठबळ लागते. भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने ते दिले आहे. त्याची अंमलबजावणी हेच आता खरे काम होय.