संसदेची समिती आणि गावची जमीन : काही गैरसमज

जिल्हा परिषदेच्या आवारात ‘समिती आली होती’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याला पंचायत राज समितीच आठवते. पीआरसी. आमदारांची ही समिती जिल्ह्यात येते, लेखापरीक्षणातले आक्षेप समोर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते, पंचायत समित्यांना आणि शाळांना भेटी देते. ही महाराष्ट्र विधिमंडळाची समिती. दिल्लीत संसदेची वेगळी समिती आहे : ग्रामीण विकास आणि पंचायती राज विषयाची स्थायी समिती. तिच्यात ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. दोन्ही समित्यांची नावे सारखी वाटत असल्यामुळे एकीकडून ठेवायची अपेक्षा दुसरीकडून ठेवली जाते आणि ती पुरी झाली नाही की ‘या समित्यांना अर्थच नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष मला मान्य नाही, म्हणून हा लेख.

‘जमीन राज्याचा विषय, मग संसदेचा संबंध काय?’

अर्धे बरोबर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत. सातबारा कसा लिहायचा, फेरफार किती दिवसांत मंजूर करायचा, हे संसद ठरवत नाही. पण भूसंपादन हा विषय समवर्ती सूचीत आहे. शिवाय पैसा दिल्लीतून येतो. भूमी अभिलेख संगणकीकरणाचा केंद्राचा कार्यक्रम २००८मध्ये सुरू झाला आणि २०१६पासून त्याचा पूर्ण खर्च केंद्र उचलते. पाणलोट विकासाचा मोठा भाग केंद्राच्या भूमी संसाधन विभागाकडे आहे. केंद्राचा पैसा जिथे जातो तिथे प्रश्न विचारण्याचा अधिकार संसदेला आहे. फक्त तो प्रश्न ‘अमुक गटाची नोंद का अडकली’ असा नसतो. मंजूर रकमेपैकी किती खर्च झाली, कोणती राज्ये मागे पडली, नकाशे आणि नोंदी जुळल्या का, अशा प्रकारचा असतो. आपल्या गटाच्या नोंदीसाठी तहसील कार्यालयालाच पर्याय नाही.

याच समितीच्या कक्षेत येणाऱ्या स्वामित्व योजनेबद्दल दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत. ड्रोनने शेतजमिनीची मोजणी होते, ही पहिली. ही योजना गावठाणासाठी, म्हणजे वस्तीतल्या घरांसाठी आणि मोकळ्या जागांसाठी आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ती आधी प्रायोगिक स्वरूपात झाली आणि २४ एप्रिल २०२० रोजी देशभर जाहीर झाली. दुसरी समजूत अशी की हाती मालमत्ता पत्रक आले की मालकीचा वाद मिटला. आपल्याकडची अधिकार अभिलेखातली नोंद ही खरी असल्याचे गृहीत धरले जाते, ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ तेच सांगते. भाऊबंदकीचा दावा दिवाणी न्यायालयातच सुटतो.

‘समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक असतो’, आणि त्याच्या उलट, ‘अहवाल नुसता धूळ खातो’

दोन्ही चूक. हे समजायला २०१३चा भूसंपादन कायदा पाहावा. त्याआधी इंग्रजांनी १८९४मध्ये केलेला कायदाच चालू होता. नवे विधेयक ७ सप्टेंबर २०११ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेले. अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन : जन्म चिपळूणचा, मतदारसंघ इंदूरचा आणि पक्ष त्या वेळी विरोधातला. ग्रामीण विकासमंत्री जयराम रमेश काँग्रेसचे. संसदेत दोन्ही पक्षांचे फारसे जमत नसतानाचा तो काळ. तरीही समितीने निवेदने मागवली, साक्षी घेतल्या आणि मे २०१२मध्ये अहवाल दिला.

अहवालातली सर्वांत धारदार शिफारस अशी होती की खासगी कंपन्यांसाठी किंवा सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पांसाठी सरकारने जमीन संपादितच करू नये. कंपनीला जमीन हवी असेल तर तिने शेतकऱ्याशी बोलून ती विकत घ्यावी. सरकारने हे मानले नाही. अंतिम कायद्यात बंदीऐवजी संमतीची अट राहिली : खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि भागीदारी प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती हवी.

दुसरी शिफारस शेतीच्या संरक्षणाची. विधेयकातले संरक्षण मुख्यतः ओलिताच्या, एकाहून अधिक पिकांच्या जमिनीला होते. समितीचे म्हणणे होते की कोरडवाहू शेतकऱ्याची जमीनही शेतीच आहे. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या कोणालाही हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. इथे सरकार थोडे सरकले. ओलिताच्या बहुपीक जमिनीला हात लावायचा तर अगदी शेवटचा उपाय म्हणून, अशी अट राहिली. इतर शेतजमिनींसाठी जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या निव्वळ पेरणी क्षेत्राच्या प्रमाणात मर्यादा ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले. समितीने मागितले त्याहून हे खूप कमी, पण विधेयकात होते त्याहून जास्त.

तिसरा मुद्दा सूट दिलेल्या कायद्यांचा. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, कोळसा क्षेत्र यांसारख्या वेगळ्या कायद्यांखाली होणारे संपादन विधेयकाच्या बाहेर ठेवले होते, म्हणजे सर्वाधिक जमीन जिथे जाते तिथेच नवे नियम लागू नव्हते. समितीने यावर हरकत घेतली. अंतिम कायद्यात १३ कायद्यांची यादी राहिली, पण नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांनाही एका वर्षात लागू कराव्यात, असे बंधन आले. प्रत्यक्षात त्या २०१५मध्ये लागू झाल्या. महामार्गासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्याला नव्या कायद्याच्या पद्धतीने मोबदला मिळतो, त्याच्या मुळाशी हे कलम आहे आणि त्या कलमामागे ही हरकत आहे. धूळ खाणाऱ्या अहवालाचा परिणाम असा नसतो.

एरवीच्या अहवालांचे काय होते? सरकारने तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर काय केले ते कळवायचे असते. मग समिती कार्यवाही अहवाल काढते. त्यात शिफारशींची वर्गवारी असते : सरकारने मान्य केलेल्या, उत्तर पटल्यामुळे समितीने पुढे न रेटलेल्या, उत्तर न पटल्यामुळे पुन्हा मांडलेल्या आणि अंतिम उत्तर अजून न आलेल्या. सहा महिन्यांत मंत्र्याने सभागृहात निवेदन करावे, असाही निर्देश आहे. सरकारने ‘नाही’ म्हटले तर समिती त्याला भाग पाडू शकत नाही, पण ते ‘नाही’ छापील, तारखेसह आणि कारणासह मिळते. आपल्या तालुक्यातले प्रश्न मांडणाऱ्या पत्रकारांनी आणि सरपंचांनी हे अहवाल वाचावेत असे मला मनापासून वाटते. ते लोकसभेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत.

‘समितीने मंत्र्यांना खडसावले’

अशी बातमी वाचली तर थोडे थांबावे. स्थायी समितीपुढे मंत्र्यांना बोलावण्याची पद्धत नाही. साक्ष होते ती सचिवांची आणि त्यांच्या अधिकाऱ्यांची. बैठका बंद दाराआड होतात. अर्थसंकल्पानंतर ही समिती ग्रामीण विकासाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते, पण नियमानुसार तिला कपात सूचनेच्या, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करण्याच्या, स्वरूपाचे काही सुचवता येत नाही. तरी ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण सभागृहात फार थोड्या मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि उरलेल्या एकत्र मताला टाकल्या जातात. गावाकडे जाणारा पैसा बारकाईने पाहिला जातो तो समितीच्या खोलीतच.

‘दार बंद म्हणजे सामान्य माणसाला तिथे जागा नाही’ हेही खरे नाही. महत्त्वाच्या विधेयकांवर समिती जाहिरात देऊन निवेदने मागवते. शेतकरी संघटना, ग्रामसभा किंवा एखादी व्यक्तीही लेखी म्हणणे पाठवू शकते.

‘प्रत्येक विधेयक समितीतून जाते’

तसे बंधन कुठेही नाही. विधेयक पाठवायचे की नाही हे ठरते सभापतींच्या पातळीवर, आणि व्यवहारात त्यात सरकारची इच्छा मोठी असते. आपल्या ग्रामपंचायतीला घटनेत स्थान देणारी ७३वी दुरुस्ती संयुक्त समितीतून गेली होती. नथुराम मिर्धा तिचे अध्यक्ष होते आणि दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. उलट २०२०चे तीन कृषी कायदे कोणत्याही समितीकडे न जाता मंजूर झाले आणि पुढच्या वर्षी मागे घ्यावे लागले. पीआरएस या संस्थेच्या नोंदींप्रमाणे पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. शेतकऱ्यांच्या आयुष्यावर परिणाम करणारे कायदे या गाळणीतून जाईनासे झाले, ही मला गंभीर घसरण वाटते. त्यात कोणत्या पक्षाचे सरकार आहे हा प्रश्न गौण आहे.

‘समितीत अडकले म्हणजे संकट टळले’

३१ डिसेंबर २०१४ रोजी भूसंपादन कायदा बदलणारा अध्यादेश आला. संरक्षण, ग्रामीण पायाभूत सुविधा, परवडणारी घरे, औद्योगिक पट्टे आणि इतर पायाभूत प्रकल्प अशा पाच प्रकारांना संमती आणि सामाजिक परिणाम मूल्यांकन यांतून सूट देण्याचा तो प्रयत्न होता. विरोध वाढल्यावर विधेयक २०१५मध्ये एस. एस. अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीला मुदतवाढ मिळत राहिली, अहवाल आला नाही, आणि २०१९मध्ये लोकसभा विसर्जित होताच विधेयक संपले. अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण भूसंपादन समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने केंद्रीय कायद्यात स्वतःपुरता बदल करता येतो. गुजरातने २०१६मध्ये तसा बदल केला. महाराष्ट्राने २०१८मध्ये आपली दुरुस्ती केली आणि ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनासारख्या टप्प्यांतून सूट दिली. राज्याचे विधेयक संसदेच्या समितीपुढे येत नाही. म्हणून ज्याच्या हाती आज भूसंपादनाची नोटीस पडते, त्याने २०१३चा कायदा एकटा वाचून भागत नाही. आपला प्रकल्प राज्याच्या २०१८च्या दुरुस्तीत मोडतो का, हे त्याने वकिलाला आधी विचारावे आणि नोटिशीत दिलेली हरकतीची मुदत संपण्यापूर्वी विचारावे.