मत कोणाला आणि सक्ती कोणाची?

पुण्याला मुळामुठेच्या पलीकडे येरवडा आहे. पूर्वी ते खेडे होते, आता शहरातच आले आहे. येरवडा म्हटले की लोकांना तुरुंग आठवतो. पण मतदानाच्या इतिहासातही या तुरुंगाचे नाव आहे. ते कसे, हे आधी सांगतो.

इंग्रजांच्या राज्यात मत सर्वांना नव्हते. शेतसारा भरणारे, कर भरणारे, शिकलेले, अशा थोड्यांनाच ते होते. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे मागणी केली, की प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मत द्या. ती तेव्हा मान्य झाली नाही.

१९३२ साली इंग्रज सरकारने अस्पृश्य मानलेल्या समाजाला वेगळे मतदारसंघ दिले. आपले प्रतिनिधी आपणच निवडावेत, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांना वेगळे मतदारसंघ पसंत नव्हते. २० सप्टेंबरला त्यांनी उपोषण सुरू केले. बोलणी झाली आणि २४ सप्टेंबरला करार झाला. त्याला पुणे करार म्हणतात. मतदारसंघ एकत्र राहिले. प्रांतांच्या कायदेमंडळांत १४८ जागा राखीव झाल्या. या कराराविषयी आजही लोकांत दोन मते आहेत. पण एवढी थोर माणसे मताच्या प्रश्नावर झगडली ती का? ज्याला मत नाही, त्याचे गाऱ्हाणे दरबारी कोणी ऐकत नाही, म्हणून.

२६ जानेवारी १९५० ला आपली घटना लागू झाली आणि सर्व सज्ञान माणसांना मत मिळाले. जात, जमीन, शिक्षण, कसलीच अट राहिली नाही. पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. पुष्कळांना तेव्हा वाचता येत नव्हते. म्हणून उमेदवारांना चिन्हे दिली. त्या वेळी मतदाराचे वय २१ लागे. १९८९ पासून ते १८ झाले.

आता मत कोणाला देता येते ते पाहू. माणूस भारताचा नागरिक हवा. त्याला १८ वर्षे पुरी हवीत. तो त्या भागात राहणारा हवा. आणि मुख्य म्हणजे मतदार यादीत त्याचे नाव हवे. आम्ही शाळेत हजेरी घेत असू. हजेरीपटावर नावच नाही, तो मुलगा वर्गात बसला तरी हजर लागत नसे. यादीचेही तसेच आहे. हातात ओळखपत्र आहे, पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी काय झाले पाहा. उत्तरेकडच्या काही राज्यांत बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गळाली. तेव्हा आयाबहिणींनो, यादीत आपले स्वतःचे नाव घाला. नाव नसेल तर नमुना ६ चा अर्ज भरून द्यावा लागतो. यादी निवडणुकीआधी पुष्कळ दिवस पाहून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

नाव यादीत असूनही काहींना मत देता येत नाही. तुरुंगातल्या कैद्याला १९५१ च्या कायद्याने मतदानाची मनाई आहे. शिक्षा झालेला असो की कच्चा कैदी असो, दोघांनाही. जामिनावर सुटलेल्याला मात्र मत देता येते. कच्च्या कैद्याचा गुन्हा शाबीत झालेला नसतो, मग त्याचे मत का अडवावे, असे काही लोक विचारतात. तो प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

म्हणजे येरवड्यात भिंतीच्या आत माणसाची इच्छा असली तरी मत नाही. आणि भिंतीबाहेर? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पुणे मतदारसंघात शंभरातल्या सुमारे पन्नास जणांनीच मत दिले. येरवडा त्याच मतदारसंघात आहे.

मग सक्ती का करू नये, असे कोणी म्हणेल. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून तशी सक्ती आहे. सबळ कारण नसता मत न देणाऱ्याला दंड होतो. गुजरातने २००९ साली गावच्या व शहरच्या निवडणुकांसाठी असा कायदा मंजूर केला होता. २०१५ साली हायकोर्टाने त्याचा अंमल थांबवला. भारतात मत न दिल्याबद्दल शिक्षा नाही. मत देणे हा हक्क आहे, तसा न देण्याचाही असावा, असे एक म्हणणे. निम्म्यांनीच मत दिले तर निवडून आलेला सर्वांचा कसा, असे दुसरे म्हणणे.

आम्हांला वाटते, सक्तीने हजेरी भरते, पण अभ्यास होत नाही. रोजगार बुडेल म्हणून पोटावर हात असलेला माणूस मतदानाला जात नाही. त्याला दंड करून काय साधणार? त्याच्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी मालकाने पगारी सुट्टी द्यायची असते. रोजंदारीवाल्यालाही ती आहे. ती मागून घ्या. एकही उमेदवार पसंत नसेल, तर यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे बटण २०१३ पासून आहे. मत गुप्त असते. पैसे देणाऱ्याला, दमदाटी करणाऱ्याला भिऊ नका.

मतदानाला घरातली सगळी सज्ञान माणसे जा. आपण गेलो नाही, तरी निवडणूक होतेच. आपला कारभारी मग दुसरे ठरवतात.