५२ वजा २७ बरोबर ३५

सतरंजीवर पाच-सहा वह्या उघड्या पडलेल्या असतात. सगळ्यांत एकच चूक: ५२ − २७ = ३५. कोणी गुरुजी म्हणतात, "हातचा घ्यायला विसरलीत पोरं." शेजारच्या शाळेच्या बाई वही ओढून घेतात. "विसरली नाहीत हो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढलेत. 'लहानातून मोठा जात नाही' हे आपणच घोकून घेतलंय ना?" मग जरा शांतता.

शिक्षण परिषद रंगते ती अशी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ही महिन्याची बैठक ओळखीची. साधारण दहा शाळांचं एक केंद्र, त्यातली एक केंद्रशाळा, वर केंद्रप्रमुख. महाराष्ट्रात ही रचना १९९४ सालची. केंद्रप्रमुखांची पदं ४,८६०. त्यांतली बरीच वर्षानुवर्षं रिकामी राहिली. मूळ कल्पना आणखी जुनी. १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालात शाळासंकुलाची शिफारस होती, आणि आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संकुल पुन्हा आलंच.

बहुतेक परिषदा मात्र टपालात बुडतात. परिपत्रकं वाचायची, यू-डायससाठी शाळेची आकडेवारी 'आजच्या आज' द्यायची, चहा, सही. नमुना पाठ असतो, पण तोही घोटून बसवलेला. मुलांना उत्तरं आधीच पाठ. त्यापेक्षा फसलेला पाठ बघायला मिळाला तर मी दहा मैल चालत जाईन.

जपानी शिक्षकांनी यावर साधी तोड काढली आहे. त्यांच्या 'जुग्यो केनक्यू'त पाठाचं टाचण सगळे मिळून करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात. पाठ फसला तर टाचण फसलं. शिकवणाऱ्याची अब्रू जात नाही.

आपल्याकडे घोडं अडतं ते शेरेबुकापाशी. परवा तपासणीला येऊन शेरा लिहून गेलेल्या साहेबांसमोर "मला भागाकार शिकवता येत नाही" असं कोण म्हणेल? ज्या केंद्रप्रमुखांना हे उमगलं, ते पहिला पाठ स्वतः घेतात आणि पोरांसमोर अडखळतातही. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने शाळा बदलल्या, तेव्हा राज्यभरातून शिक्षक तिथले वर्ग बघायला गेले. परत येऊन अनेकांनी तिथल्यासारख्या फरशा रंगवल्या. रंग विकत मिळतो. एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायची सवय मिळत नाही.

पुढच्या महिन्यात त्या बाई पुन्हा वह्या घेऊन येतात. मुलांना काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडवून वजाबाकी करायला लावली होती. ५२ − २७ आता २५ येतं. वहीचं पान उलटलं की खाली ४०० − १७६ = ३७६.

सतरंजीवर सगळे जरा पुढे सरकतात.