लांबचा नेम दहा मीटरवर शिकतात

स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून आपल्या पाचोडसारख्या गावातली पोरंही विचारतात, 'लांबचा नेम शिकायचा तर रायफल कुठं मिळेल?' प्रश्न मनापासूनचा असतो, पण त्याच्या पाठोपाठ येणारे बरेच समज चुकीचे असतात.

पहिला समज असा, की लांबचं मारायचं तर सरावही लांबवरच करायचा. तसं नाही. सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलनं होते. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, पेनचं टोक कागदावर टेकवावं एवढा. ५० मीटरवर हेच दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे मोसंबीच्या एका बीएवढं. पाचोडच्या मोसंबी बाजारात एक बी खांबाला चिकटवा, साठ-पासष्ट पावलं मागं जा आणि ती दिसते का पाहा. ३०० मीटरवर वर्तुळ १० सेंटीमीटरचं, मोठ्या मोसंबीपेक्षा थोडं मोठं. पण १० मीटरवर नेम एक मिलिमीटर ढळला, तर तीच चूक ३०० मीटरवर तीन सेंटीमीटरची होते. म्हणून आधी जवळची चूक मोडायची.

'गोळी सरळ रेषेत जाते' हेही खरं नाही. पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलची गोळी ५० मीटर जायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा घेते आणि तेवढ्यात नळीच्या रेषेपासून दहा-बारा सेंटीमीटर खाली येते. हा फरक रायफलवरच्या नेमाच्या साइटमध्येच धरलेला असतो. वाऱ्याचं तसं नसतं, तो दर मिनिटाला बदलतो. म्हणून ५० मीटरच्या उघड्या रेंजवर छोट्या झेंड्या लावतात, आणि चांगला नेमबाज लक्ष्याइतकंच त्या झेंड्यांकडे पाहतो.

आता सगळ्यात घट्ट रुतलेला समज: दंडात ताकद हवी आणि दम कोंडून धरायला हवा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचं (पालथं झोपून मारण्याचं) सुवर्ण जिंकलं, ते दंडाच्या जोरावर नाही. रायफल स्नायूंनी नव्हे, हाडांच्या आधारानं पेलायची असते. उभं राहून मारताना डावं कोपर बरगडीवर किंवा कमरेवर टेकतं आणि वजन सरळ पायात उतरतं. श्वास थोडा सोडला की एक नैसर्गिक थांबा येतो. त्या पाच-सात सेकंदांत चाप दाबत न्यायचा, झटका द्यायचा नाही. वेळ लांबली की नजर धूसर होते आणि हात थरथरतो, तेव्हा रायफल खाली घ्यायची. ती खाली घ्यायला शिकणं मला पहिला खरा धडा वाटतो. आणखी एक गोष्ट करून पाहा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नेम बाजूला सरकलेला दिसला, तर हातानं ओढून आणू नका, पाय हलवून अख्खं शरीर वळवा. ओढून आणलेला नेम चाप दाबताना परत बाजूला सरकतो.

चष्मा असला तरी चालतं. नंबरची काच लावायला नियमांची मुभा आहे आणि ऑलिंपिक रायफलला दुर्बीण लावायची नसतेच.

परवान्याबद्दल लोक दोन्ही टोकांना बोलतात. छर्रा ०.१७७ इंचाचा आणि ताकद २० जूलच्या आत असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. पॉइंट टू टूला मात्र लागतो. तो गावाकडं जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, शहरात पोलीस आयुक्तालयातून. २१ वर्षांखालच्या मुलांना क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो.

खर्चाची भीती मात्र खोटी नाही. स्पर्धेची परदेशी रायफल काही लाखांना पडते, शिवाय जाड जाकीट आणि गोळ्या. पण पहिल्या दिवशी यातलं काही विकत घ्यायचं नसतं. क्लबची रायफल वापरता येते. कॉलेजात एनसीसी असेल तर पॉइंट टू टूवर ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या जवळजवळ पाडणं, शिकायला मिळतं. कुसाळेही गावातलाच, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, वडील शिक्षक. २००९ मध्ये तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढं मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. प्रबोधिनीपासून पदकापर्यंत पंधरा वर्षं गेली. नव्या नेमबाजाची राष्ट्रीय स्पर्धेकडं जाणारी वाट राज्य स्पर्धेनंतर मावळंकर स्पर्धेतून जाते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, त्यांच्याच नावाची ही स्पर्धा.

आणि कृपा करून शेतात सराव करू नका. मोसंबीच्या बागेत एअर गननं पोपट मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. साधा छर्राही डोळा घेऊ शकतो, आणि पॉइंट टू टूची गोळी एक किलोमीटरच्याही पुढं जाते. रेंजवर लक्ष्यामागं मातीचा उंच ढिगारा असतो. शेतात त्या जागी शेजाऱ्याची बाग असते, आणि बागेत तोडणीला आलेली माणसं.