हळकुंडाच्या रंगापासून रेणूच्या तारेपर्यंत

नांदेडच्या मोंढ्यात हळदीची आवक वाढली, की खरेदीदार हळकुंड मोडून आतल्या गाभ्याचा रंग न्याहाळतो. आणि त्याच हळदीत चुन्याची निवळी पडली म्हणजे पिवळेपणा लोपून कुंकवाचा तांबूस वर्ण उमटतो, हे लातूरच्या घराघरांतील वडीलधारी माणसे जाणतात. हळदीतील कुरकुमीन या रेणूत कार्बनचे बंध एकाआड एक एकेरी व दुहेरी असल्यामुळे त्यांतील काही इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे मिरासदार न राहता साऱ्या साखळीभर संचार करतात. हा संचार रंगास कारण होतो, आणि चुन्याच्या योगे तो अधिक मोकळा झाला की रंगही पालटतो.

हळद म्हणजे काही तार नव्हे. परंतु अशाच बंधांची साखळी सोन्याच्या दोन टोकांमध्ये बसविली, तर ती वीज वाहून नेते. एकच रेणू विजेला एका दिशेने जाऊ देईल, ही कल्पना अविराम व रॅटनर या शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडली. आणि २००३ साली शू व ताओ यांनी सोन्याचे अणकुचीदार टोक सोन्याच्याच पृष्ठाला टेकवून हळूहळू मागे ओढले, तेव्हा धातूचा अखेरचा धागा तुटताच गंधकाच्या वा नत्राच्या टोकांनी चिकटलेला रेणू त्या फटीवर पुलासारखा उभा राहिला. हा प्रयोग त्यांनी हजारो वेळा करून एकेका रेणूचा रोध मोजला.

खांबावरील तारेत लांबी दुप्पट झाली की रोध दुप्पट, असा सरळ हिशेब असतो. आखूड रेणूतून मात्र इलेक्ट्रॉन तरंगरूपाने पार होतो, आणि बंध सारे एकेरीच असतील, तर वाढत्या प्रत्येक कार्बन अणूगणिक वहनता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, अडीच-तीन पटींनी घटते, जणू नाक्यानाक्यावर जकात द्यावी लागावी. एकाआड एक दुहेरी बंध असले म्हणजे ही घट पुष्कळ मंदावते. तथापि एकाच वाटेने निर्वेध प्रवास घडला तरी सुमारे १२,९०० ओहम रोध उरतोच, हा निसर्गाचा हुकूम आहे. २००६ साली लता वेंकटरामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे दाखविले, की जोडलेल्या दोन बेंझीन कड्यांमधील पीळ वाढला, की वहनता कमी होते. तात्पर्य, विजेची वाट केवळ द्रव्याने ठरत नाही. ती रचनेने ठरते.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील अध्यापकांनी हा विषय शिकविताना फळ्यापूर्वी चिमूटभर हळद व चुन्याची निवळी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.